रोज सकाळी विसरणारा रेडिओ

माझ्या सासूबाईंना गाडी लागते. एसटी लागते, जीप लागते, रिक्षाही लागते. बैलगाडी तेवढी लागत नाही, पण बैलगाडीनं आता जातंय कोण? साधं भोकरदनच्या बाजाराला जायचं म्हटलं तरी त्या आदल्या दिवसापासून जेवण कमी करायच्या आणि पदराच्या टोकाला लिंबू बांधून ठेवायच्या. एवढं करूनही अर्ध्या वाटेत गाडी थांबवावी लागायचीच. भाच्याच्या लग्नाला त्यांना एकदा जीपमध्ये घालून माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला नेलं होतं. ते लग्न त्यांनी मागच्या खोलीत आडवं पडून नुसतं ऐकलं. तेव्हापासून त्या माहेरी गेल्याच नव्हत्या.

त्यावाचून काही अडलंही नव्हतं. दर भाऊबीजेला त्यांचा थोरला भाऊच आमच्याकडे यायचा, ओवाळून घ्यायचा, पाहुणचार घेऊन संध्याकाळी परत जायचा. पण या वर्षी त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. दिवाळीला महिनाभर असताना त्याचा फोन आला. "यंदा माझ्याच्यानं येनं व्हायचं न्हाई बाई. जमलं तं तू ये." सासूबाई "बरं" म्हणाल्या, फोन माझ्या हातात दिला आणि भाकरी थापायला बसल्या. त्या दिवशीच्या भाकरी चांगल्याच जाड झाल्या होत्या.

मी सासूबाईंना आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडे सुनांची अशीच रीत आहे. आमचं घर केदारखेड्याजवळ, शेतातच आहे. नवरा संभाजीनगरला कंपनीत असतो, रविवारी येतो. मी राजूरकडच्या एका शाळेत शिकवते. रोजच्या जाण्यायेण्यासाठी आम्ही या पावसाळ्यात एक जुनी गाडी घेतली. चालवते मीच. घरातल्या बाकी कुणाला ती चालवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर याचा मला थोडा माजच आहे.

गाडीत कंपनीनंच बसवलेला रेडिओ होता. मधे एक गोल बटण आणि खाली एकापासून सहापर्यंतची चपटी बटणं. मी त्याच्याकडे फारसं लक्षही दिलं नव्हतं. गाडीची पूजा करायला राजूरच्या गणपतीला निघालो तेव्हा पूजेला घरची मोठी बाई पाहिजेच म्हणून आत्यांना बळेच पुढच्या सीटवर बसवलं होतं. त्या डोळे मिटून, लिंबू नाकाशी धरून बसल्या होत्या. मला ती शांतता सोसेना, म्हणून मी रेडिओ लावला. कुणी एक डॉक्टर कोंबड्यांच्या रोगांवर बोलत होते. निवेदिका त्यांना प्रश्न विचारत होती. थोड्या वेळानं आत्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. "मान टाकती तवा काय द्यायचं, ते इचार की त्याला," त्या निवेदिकेला म्हणाल्या. आणि निवेदिकेनं नेमकं तेच विचारलं! राजूरला उतरलो तेव्हा लिंबू आत्यांच्या मांडीवरून कधीच घरंगळून पायाशी पडलं होतं, आणि त्यांना काहीही झालं नव्हतं.

आम्हाला वाटलं, योगायोग असेल. मी पुढच्या खेपेला फोनवरची गाणी लावली. पूर्णेच्या पुलापर्यंत जाऊन परत आलो, ते गाडी धुवायलाच. "गानं आपलं आपलं चालू ऱ्हातं," आत्या म्हणाल्या. "कुनी बोलून राह्यलं का आइकावं लागतं. मंग पोटाकडं ध्यान जात न्हाई." मग मी फोनवर भाषणं लावून पाहिली. तेही चाललं नाही. "हे मानूस कवाच बोलून गेलं. त्याला आता मी काय बोलू?" आत्यांना आत्ता बोलणारा माणूस हवा होता, म्हणजे मधे मधे त्यालाही चार शब्द सुनावता येतात. असा माणूस एकाच स्टेशनवर सापडायचा. बाकीची स्टेशनं दिवसभर सिनेमाची गाणी वाजवत होती.

ते स्टेशन मी एक नंबरच्या बटणावर पक्कं बसवलं. आत्या बटण दाबायला शिकल्या. आम्ही सराव सुरू केला. आधी रस्त्यापर्यंत, मग केदारखेड्यापर्यंत, मग पूर्णेच्या पुलापलीकडे. एका संध्याकाळी गाडीतून उतरता उतरता आत्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "भाऊबीजंला जाऊ मंग आपन." मामा तिथंच गोठ्याच्या दारात बैलाची वेसण नीट करत उभे होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मामांचं सगळं असंच असतं. हो, नाही आणि हं, या तीन शब्दांत ते अख्खा दिवस काढतात.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी रेडिओ बिघडला.

बिघडला म्हणजे बंद नाही पडला. आत्यांनी बटण दाबलं तर नुसती खरखर. मी पाहिलं तर एक नंबरवर स्टेशनच नव्हतं. सहाही बटणं कोरी. त्याच्यावरचं घड्याळही भलतंच काहीतरी दाखवत होतं. आपोआप शोधायचं बटण दाबावं तर तो आमच्या स्टेशनवरून सरळ पुढे निघून जायचा, कारण आमच्याकडे ते क्षीण येतं आणि त्याला फक्त जोरदार आवाजाचीच स्टेशनं दिसतात. गोल बटण एक-एक घर फिरवत मी ते हुडकून काढलं आणि पुन्हा एक नंबरवर बसवलं. दिवसभर शाळेत गाडी उभी होती. संध्याकाळी निघताना बटण दाबलं तर निवेदिका हजर. म्हटलं, झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खरखर.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तू काहीतरी भलतंच दाबलं असशील." या वाक्याला मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग मी स्वतःच मागे लागले. छतावरची एरियलची काडी काढून तिच्या बुडाशी साचलेली धूळ पुसली आणि घट्ट बसवली. फोनचा चार्जर लावलेला असला की खरखर वाढते हे लक्षात आलं, म्हणून तो काढून टाकला. दोन्हींमुळे आवाज स्वच्छ झाला. पण विसरणं काही थांबलं नाही. संध्याकाळी शहाणा असलेला रेडिओ सकाळी ठार अडाणी व्हायचा.

भोकरदनला गाड्यांचे टेप-स्पीकर बसवणारं एक दुकान आहे. तिथल्या माणसानं सेट बाहेर ओढला, मागचा तारांचा गुंता हातात धरला आणि मला समजावलं. एक तार किल्ली फिरवल्यावर चालू होते, तिच्यावर रेडिओ वाजतो. दुसरी थेट बॅटरीवरून येते आणि गाडी बंद असली तरी जिवंत राहते. तिच्यावर त्याची आठवण. "ही कायमची तार ढिली झाली आसंल," असं म्हणून त्यानं तो जोड नवा केला. वर सल्लाही दिला, की हे कंपनीचं डबडं फेकून मोठ्या पडद्याचा सेट बसवा, त्यात पिक्चरबी दिसतो. मी म्हटलं, मला पिक्चर नको, मला कोंबड्यांचे डॉक्टर पाहिजेत. त्यानं सेट परत आत बसवला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ पुन्हा कोरा!

तोवर आत्यांनी आशा सोडायला सुरुवात केली होती. त्यांचं आशा सोडणं आरडाओरड्याचं नसतं. त्या नुसत्या कामं उरकायला लागतात. भावासाठी आणलेलं टॉवेल-टोपी त्यांनी पिशवीत घालून माझ्यासमोर ठेवलं. "तूच जाऊन ये माझ्या वतीनं. ओवाळून ये."

"तुमच्या भावाला मी ओवाळू?" मी चिडले.

"मंग काय करू? त्या रेडिओच्याच मनात न्हाई, तं मी कुठं बळंच जाऊ?"

मला त्या पिशवीचा इतका राग आला की मी ती उचलून फळीवर अगदी वर टाकली, त्यांचा हात पुरणार नाही अशी. मग खोलीत जाऊन एकटीच बसले. वाईट वाटत होतं. घरातल्या एका बाईनं कितीतरी वर्षांनी माहेराचं नाव काढलं होतं, आणि ते एका चपट्या बटणापायी अडलं होतं.

मधे एक रात्र मी जालन्याला, माझ्या माहेरी राहिले. सकाळी गाडीत बसून सवयीनं बटण दाबलं, तर निवेदिका! सगळं जिथल्या तिथं. घड्याळही बरोबर. म्हणजे रेडिओ जालन्यात विसरत नव्हता. शाळेतही विसरत नव्हता. विसरत होता तो फक्त आमच्या अंगणात. मग मी अंगणावर संशय घ्यायला लागले. गाडी कडुलिंबाच्या झाडाखालून काढून विहिरीकडे लावली. विहिरीकडून काढून रस्त्याच्या बाजूला लावली. मोबाईलच्या टॉवरला नावं ठेवली. एका सकाळी तर शेजारच्या शेतातल्या ट्रान्सफॉर्मरकडे मी असं रोखून पाहत उभी होते की आत्यांनी विचारलं, "त्यानं काय केलं आता?"

शेवटी बोलकं निघालं ते घड्याळ. रोज सकाळी शाळेला निघताना ते दीडच्या आसपास काहीतरी दाखवायचं. कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त, पण दीडच्याच आगेमागे. मी ते रोज मुकाट्यानं नीट करत होते. एका सकाळी हात तिथंच थांबला. रेडिओची वीज तुटून परत आली की हे घड्याळ बारापासून सुरू होतं. म्हणजे दीड तासापूर्वी कुणीतरी ते बारापासून सुरू करत होतं. आणि आमच्या घरात त्या वेळेला एकच माणूस उठलेला असतो. तो धारा काढतो.

दुसऱ्या दिवशी मी तवा उतरवून ठेवला आणि त्या वेळेला बाहेर आले. नुकतं उजाडलं होतं. दुधाची बादली बाजूला ठेवून मामा गाडीच्या उघड्या बॉनेटमध्ये वाकले होते. हातात पाना.

"मामा! काय करून राह्यले?"

"तार लावून राह्यलो," ते म्हणाले. भाकरीला मीठ घालतात तितक्या सहज.

ते रोज संध्याकाळी बॅटरीची तार काढत होते आणि सकाळी लावत होते. आमचा ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असला की तार काढून ठेवायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"पण मामा, गाडी तर मी रोज चालवते. तिची कशाला काढायची?"

त्यांनी पाना पुसून खिशात घातला. "मागं एकदा सेल्फ कसा रडला, आइकला न्हाई का तू? बॅटरी म्हातारी हाय तिची. तुझी आत्या इतक्या वर्सांनी हो म्हनली. भाऊबीजंच्या दिशी गाडीनं सेल्फच घेतला न्हाई, तं पुन्हा हो म्हनंल का ती? म्हनून जपून राह्यलो."

इतकं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. इतके दिवस मी ज्याला शोधत होते तो चोर समोर उभा होता, आणि मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी बॉनेट उगाचच जोरात आपटलं. मग त्यांना समजावलं. रेडिओची आठवण त्याच तारेवर आहे, तार काढली की तो सगळं विसरतो.

मामांनी विचार केला. "म्हंजी रात्रभर जागा ऱ्हातो तो?"

"थोडासा."

"हं," ते म्हणाले. त्या दिवसापासून तार जागेवर राहिली. पण मामांचा बॅटरीवर विश्वास काही बसला नाही. ते रोज संध्याकाळी माझ्याकडून गाडी चालू करून घ्यायचे आणि थोडा वेळ बाजूला उभं राहून आवाज ऐकायचे, गाभण म्हशीजवळ उभं राहावं तसे.

आत्यांना मी सगळं सांगितलं. त्या चुलीपुढून उठल्या, हात धुतले, उभ्या गाडीत जाऊन बसल्या आणि एक नंबरचं बटण दाबलं. निवेदिका "नमस्कार" म्हणाली. आत्यांनी हात जोडले आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्या आतच बसून राहिल्या. भाजी मी पाहिली.

भाऊबीजेच्या दिवशी मामांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून गाडीशेजारी आणून ठेवली होती, वेळ पडली तर म्हणून. वेळ पडली नाही. गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली आणि मामांनी ती बॅटरी पुन्हा उचलून नेली. थोडे खट्टू होऊनच, असं मला वाटलं. आत्या पुढं बसल्या, मामा मागं, करंज्यांचा डबा आणि ती पिशवी सांभाळत. पुलावरून गेलो. दोन्हीकडे कपाशी पांढरी झाली होती. रेडिओवर कुणी ज्वारीच्या पेरणीबद्दल बोलत होतं, आत्या त्याच्या चुका काढत होत्या. भोकरदन आलं, गेलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

भोकरदन मागे पडल्यावर आवाज चिरकायला लागला. आधी एखादा शब्द गळायचा, मग वाक्यं गळायला लागली आणि शेवटी निव्वळ खरखर. मी गोल बटण इकडे-तिकडे फिरवून पाहिलं. यात बिघाड काहीच नव्हता. स्टेशन तिथंपर्यंत पोचतच नव्हतं. इतके दिवस मी अंगणात रेडिओ तपासत बसले आणि पिंपळगावला तो ऐकू येतो का, हे एकदाही पाहिलं नव्हतं! आत्यांनी बटण पुन्हा पुन्हा दाबलं. मग त्यांचा हात पदराच्या टोकाकडे गेला. चेहरा उतरत चालला होता. मी काहीतरी बोलायला लागले, सुट्टीबद्दल, शाळेबद्दल. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "तू गप. रस्त्याकडं बघ."

"थांबवू का?"

मागून खाकरल्याचा आवाज आला.

"नमस्कार," मामा म्हणाले.

मी आरशात पाहिलं. ते ताठ बसले होते, डबा मांडीवर.

"शेतकरी बंधू आणि भगिनींनो, नमस्कार. आता ऐका आजची माहिती. रस्त्याच्या डाव्या अंगाला जी कपाशी दिसून राह्यली, तिला पाणी जादा झालेलं आहे."

आत्यांनी डोळे उघडले. "कशावरून?"

"पानं बघावीत. लाल पडून राह्यली," निवेदक म्हणाले. "त्याच्यापुढं दोन भावांचं शेत आहे. त्यांचं बिलकुल पटत न्हाई."

"हे तुम्हाला कुनी सांगितलं?"

"बांधावर दोघांनी आपापली कुंपनाची काटी लावली. एका काटीत भागलं असतं."

आत्या हसल्या. मग मामा थांबलेच नाहीत. कुणाची विहीर उन्हाळ्यात आटते, कुणी ऊस लावून पस्तावला, कुणाचं घर नवं दिसत असलं तरी दार जुनंच बसवलंय. आत्या प्रत्येक गोष्टीवर भांडत होत्या. मी रेडिओ हळूच बंद केला, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पिंपळगाव जवळ आलं तशी मामांच्या आवाजातली ऐट जरा कमी झाली.

"आता एक जुनी बातमी," ते म्हणाले. "ह्याच रस्त्यानं एक नवी नवरी बैलगाडीत बसून सासरी आल्ती. सारी वाट रडत आल्ती. गाडी हाकणाऱ्या नवऱ्याला तिला काहीतरी इचारायचं व्हतं. पर गाव येईपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघाला न्हाई. बातम्या संपल्या."

यावर आत्या काही भांडल्या नाहीत. खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मीही रस्त्याकडे पाहिलं, सांगितल्याप्रमाणे.

भाऊ दारातच खुर्ची टाकून बसला होता. बहिणीला स्वतःच्या पायांनी चालत येताना पाहून त्याला उठायचं होतं, ते जमलं नाही, म्हणून त्यानं बसल्या बसल्याच दोन्ही हात पसरले. आत्यांनी त्याला ओवाळलं. ताट खाली ठेवल्यावर त्यानं विचारलं, "गाडी लागली न्हाई?"

"न्हाई. रेडिओ व्हता संगं," आत्या म्हणाल्या आणि जेवायची पानं मांडायला आत निघून गेल्या. दुपारभर त्या माहेरच्या घरात अशा वावरत होत्या की मला त्यांची लग्नाआधीची चाल दिसली. मी त्यांना कधी इतकं भराभरा चालताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

ऊन कलताना निघालो. आत्या पुढं बसल्या, मामा मागं. भोकरदनजवळ आलो तसं मी रेडिओ लावला. आवाज स्वच्छ होता, निवेदिका दिवाळी अंकांबद्दल काहीतरी सांगत होती. आत्यांनी हात पुढे केला आणि तो बंद केला.

"ऱ्हाऊ दे ते," त्या मला म्हणाल्या. "ह्यांला बोलू दे."

"काय बोलू?" मामांनी विचारलं.

"त्या नवरीला काय इचारायचं व्हतं, ते."

मी गाडी अगदी हळू घेतली.

"भूक लागली का, आसं इचारायचं व्हतं," ते म्हणाले.

"लागल्ती," आत्या म्हणाल्या. "लई लागल्ती."